मिक्स्ड इन की : डीप हाऊस वाजवणाऱ्याच्या नजरेतून

डीप हाऊस हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार घाईने मिक्स करण्याचा (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळण्याचा) नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यात शिकागोमध्ये लॅरी हर्ड यांच्यासारख्या संगीतकारांनी हाऊसच्या ठोक्यावर जॅझच्या अंगाने जाणाऱ्या कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बसवल्या, आणि या संगीताचा जीव आजही त्या लांबत जाणाऱ्या कॉर्ड्समध्येच आहे. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) चार मात्रांचा एक बार २ सेकंदांत संपतो. म्हणजे ३२ बारांचे मिक्स केले, तर दोन ट्रॅक मिनिटभराहून अधिक काळ एकमेकांवर वाजत राहतात. एवढ्या वेळात स्वर जुळले नाहीत, तर ठोके कितीही नेमके बसलेले असोत, ते कानाला खटकतेच. त्यामुळे ‘मिक्स्ड इन की’ या सॉफ्टवेअरची खरी पारख डीप हाऊसवरच होते.

२००६ पासून उपलब्ध असलेले हे सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल तपासून तिची की (ट्रॅकचा आधारस्वर आणि सप्तक) आणि टेम्पो (वेग) शोधते व ती माहिती फाइलच्या टॅगमध्ये लिहून ठेवते, त्यामुळे रेकॉर्डबॉक्स, सेराटो किंवा ट्रॅक्टर या डीजे सॉफ्टवेअरपैकी काहीही वापरत असलात तरी ती समोर दिसते. की लिहिण्यासाठी मार्क डेव्हिस यांचे कॅमेलॉट चक्र वापरले आहे : १ ते १२ आकडे, मायनर सप्तकाला ए आणि मेजर सप्तकाला बी. ए मायनर, म्हणजे पेटीवरची पांढरी सहा, येथे ८ए होतो. त्याचे शेजारी ७ए आणि ९ए हे त्याच्याशी षड्ज-पंचम भावाने बांधलेले असतात. ८ए आणि ९ए यांच्या सात स्वरांपैकी सहा सामाईक असतात, फक्त एफच्या जागी एफ शार्प येतो. पाश्चात्त्य स्वरशास्त्र न शिकलेल्या डीजेला हा आधार फार मोलाचा वाटतो.

डीप हाऊसमध्ये की ओळखणे मुळात अवघड असते. ए मायनर नाइन्थ या कॉर्डमध्ये ए, सी, ई, जी आणि बी हे स्वर असतात, आणि त्यातला ए वगळला की उरते ती सी मेजर सेव्हन्थ. बेस उशिरा येणाऱ्या ट्रॅकमध्ये ८ए की ८बी (सी मेजर), असा प्रश्न कोणत्याही सॉफ्टवेअरला पडू शकतो. मात्र दोन्हींचे सातही स्वर तेच असल्यामुळे हा गोंधळ मिक्सला बाधत नाही. शंका आलीच, तर सॉफ्टवेअरमध्येच दिलेल्या पियानोच्या पट्ट्यांवर स्वर वाजवून पाहता येतो, आणि मला ही सोय सगळ्यांत अधिक आवडते, कारण तिच्यामुळे आकड्याबरोबर कानही तयार होतो.

टेम्पोच्या बाबतीत मात्र वापरणाऱ्यानेच जागे राहायला हवे. टॅगमधली की मूळ वेगाला खरी असते. मास्टर टेम्पो (वेग बदलला तरी स्वर जागेवर ठेवणारी सोय) बंद ठेवून ११८ चा ट्रॅक १२४ वर नेला, तर वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो आणि स्वर जवळजवळ एका सेमिटोनने (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराने) वर चढतो. पडद्यावर ८ए दिसत असतानाही प्रत्यक्षात वाजत असते ते बी फ्लॅट मायनरच्या, म्हणजे ३ए च्या, अगदी जवळचे काहीतरी. १२० वरून १२२ वर गेले तरी सेमिटोनच्या चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक फरक पडतो, आणि लांबलेल्या पॅडवर (मागे सतत वाजणाऱ्या मऊ स्वरांवर) तो स्पष्ट ऐकू येतो. मास्टर टेम्पो लावला की स्वर जागेवर राहतो, पण ताण वाढला की गायकीची आणि इलेक्ट्रिक पियानोची कड बोथट होऊ लागते. म्हणून आधी दोन-तीन बीपीएमच्या आतले ट्रॅक निवडावेत आणि त्यांतून जुळणारी की शोधावी, हाच क्रम मला योग्य वाटतो. की जुळली तरी दोन बेसलाईन एकत्र वाजू देऊ नयेत. इक्यूवर (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या बटणांवर) एकीचा लो, म्हणजे खर्जाचा भाग, उतरवूनच दुसरीचा वाढवावा.

ट्रॅकला १ ते १० मध्ये दिला जाणारा एनर्जीचा (जोशाचा) आकडा अनेक शैली मिसळून वाजवणाऱ्यांना अधिक उपयोगी आहे. रेकॉर्डबॉक्स, सेराटो आणि ट्रॅक्टरमध्येही आता की ओळखण्याची सोय असल्याने, छोटा संग्रह असलेल्याने आधी तीच वापरून पाहावी. मोठा संग्रह असणाऱ्याला, आणि विशेषतः एकाहून अधिक सॉफ्टवेअरवर वाजवणाऱ्याला, सगळ्या फाइलींवर एकाच पद्धतीने लिहिलेली की हवी असते. त्याच्यासाठी मी ‘मिक्स्ड इन की’ची निःसंकोच शिफारस करतो.