राजकीय मानसशास्त्राचा कोर्स: घ्यावा, पण आकडेमोडीची तयारी ठेवून

नेते लोकांना कसे भुलवतात ते कळेल, या आशेने वर्गातल्या निम्म्या जणांनी हे इलेक्टिव्ह घेतलं होतं. ती आशा सोडूनच या. इथे नेत्यांपेक्षा मतदारांची, म्हणजे आपलीच, चिरफाड जास्त होते.

सगळ्यात रंगला तो सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलच्या प्रयोगाचा तास. 1970 च्या सुमारास त्याने इंग्लंडमधल्या ब्रिस्टलकडच्या शाळकरी मुलांचे दोन गट पाडले. निमित्त काय, तर कोणाला क्लेची चित्रं आवडली आणि कोणाला कँडिन्स्कीची. मॅडमनी यातलं काहीच आधी सांगितलं नाही. चिठ्ठ्या उचलायला लावून आमचे गट पाडले आणि गुण वाटायचा तक्ता हातात दिला. एका टोकाला आपल्या गटाला 19, पलीकडच्यांना 25; मधोमध 13-13; दुसऱ्या टोकाला आपल्याला 7, त्यांना 1. एरवी समतेवर तावातावाने बोलणारा माझा शेजारी 7-1 वर खूण करून मोकळा! का रे, तर म्हणे, "त्यांना 25 कशाला?" ताजफेलच्या मुलांनाही नेमका हाच मोह पडला होता: आपलं थोडं कमी झालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवं.

मिलग्रॅमच्या प्रयोगात हुकमावरून दुसऱ्याला विजेचे (खरं तर खोटे) झटके द्यायचे होते; 40 पैकी 26 जणांनी 450 व्होल्टपर्यंत बटणं दाबली, हे या विषयातल्या सगळ्यांना पाठ असतं. मॅडमनी त्याचे पुढचे प्रयोगही काढले. हुकूम देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून बोलू लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचातला एक इतकेच उरले. अडोर्नो आणि मंडळींची 1950 ची हुकूमशाही वृत्तीची मोजपट्टीही अशीच उलटीपालटी करून दाखवली. तिच्यातली विधानं एकाच दिशेची, त्यामुळे कशालाही "हो" म्हणणारा भिडस्त माणूससुद्धा त्यात हुकूमशाहीवादी ठरतो. मोजमापातल्या अशा फटी दाखवण्यात हा कोर्स खरोखर तरबेज आहे.

म्हणूनच पाहुण्या व्याख्यात्यांचा तास खटकला. 1971 चा स्टॅनफर्डचा तुरुंग, म्हणजे विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवून केलेला प्रयोग, त्यांनी जुन्याच थाटात रंगवून सांगितला. पहारेकऱ्यांना कसं वागायचं ते आधीच सुचवलं होतं, हा आक्षेप एकाही स्लाइडवर नव्हता.

दुसरी तक्रार सिलॅबसची. संख्याशास्त्र लागतं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, आणि सुरुवातीपासूनच रिग्रेशनचे (एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध, हे आकड्यांत मांडणारे) तक्ते समोर येतात. ज्यांचा तो पाया नव्हता, ते सेमिस्टरभर फक्त निष्कर्षाचा परिच्छेद वाचत राहिले. वाचनही जवळपास सगळं अमेरिका-युरोपातलं.

लेखी परीक्षेने तर कमालच केली. सेमिस्टरभर "हा निष्कर्ष कशावरून?" असं विचारायला शिकवलं, आणि पेपरात विचारलं काय, तर कोणी, कधी, किती टक्के. असाइनमेंटला मात्र मॅडमचे शेरे भरघोस येतात. माझ्या पहिल्या पानावर माझ्या मजकुराहून त्यांची लाल शाईच जास्त होती, आणि तिच्यातले दोन प्रश्न अजून मला सुटलेले नाहीत.