पोकलेनच्या बकेटचे केस हार्डनिंग केलेले बुश आणि पिन : ७ महिने, १३०० तास

आपल्याकडे दोन पोकलेन आहेत, दोन्ही २० टनी, भाड्याने चालवतो. मुंबईत काम म्हणजे एकतर बेसमेंटचा काळा दगड नाहीतर पावसाळ्याआधीची नालेसफाई, आणि दोन्हीकडे पहिले मरतात ते बकेटचे पिन-बुश, म्हणजे बकेट जिच्यावर फिरते ती पिन आणि तिच्याभोवतीची पोलादी नळी, बुश. आधी बाजारातून तयार सेट आणायचो, दुकानदार म्हणणार "शेठ, हार्डन माल आहे", आणि ५०० तास झाले नाहीत तोवर बकेट खुळखुळायला लागणार. शेवटी मागच्या वर्षी ठरवलं की मटेरियल आपण घ्यायचं, टर्निंग (लेथवरचं काम) भांडुपला ओळखीच्या काकांच्या गाळ्यात आणि हीट ट्रीटमेंट वसईच्या एका भट्टीवाल्याकडे. नावं सांगत नाही, कारण पहिल्या लॉटमध्ये माती खाल्ली गेली आणि ती नक्की कोणी खाल्ली यावर अजून आमचं एकमत नाही.

बनवलं काय ते आधी सांगतो. बुश २० एमएनसीआर ५ या पोलादाचे, बाहेरून ९५, आतून ८०, म्हणजे भिंत साडेसात मिमी. पिन ईएन १९ या पोलादाची. बुशच्या मटेरियलमध्ये कार्बन जेमतेम ०.२ टक्के असतो, ते नुसतं तापवून तेलात टाकलं तर घासाला टिकेल इतकं कडक होतच नाही, म्हणून ९२० डिग्रीच्या आसपास भट्टीत कार्बनवाल्या गॅसमध्ये तासन् तास ठेवतात, लोणच्यात मीठ मुरावं तसा वरच्या थरात कार्बन मुरतो, ०.८ टक्क्यांपर्यंत जातो, मग तेलात क्वेंच, म्हणजे एकदम थंड करणं, आणि शेवटी १८० डिग्रीला टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला परत हलकं तापवणं. वरची साल, म्हणजे केस, ६० एचआरसी (कडकपणाचं माप) आणि आतला गाभा चिवट, हेच केस हार्डनिंग. गावाला लोहार कोयत्याला पाणी पाजतो त्याचाच हा मोठा भाऊ म्हणा, फक्त लोहाराकडे कार्बन आधीच पोलादात असतो, इथे बाहेरून भरावा लागतो.

पहिला लॉट गणपतीच्या आधी बसवला. सर्टिफिकेटवर ६० एचआरसी, शिक्का, सही, सगळं झकास. पहिले २५० तास तर मी खूश होतो, बुशची झीज मोजली तर ०.१५ मिमी, चार जणांना फोन करून सांगितलं की बाजारातला माल घेऊ नका. आणि मग पुढच्या १०० तासांत जवळजवळ एक मिमी गेला! हळूहळू वाढला असता तर समजलं असतं, हा एकदम घसरला. ऑपरेटर म्हणाला, "दादा, आठ दिवसांपूर्वी घट्ट होती, आता बघा", आणि बकेट हवेत धरून हलवून दाखवली तर टण टण आवाज.

बुश काढून काकांकडे नेला. काकांनी ना मीटर घेतला ना काही, नुसती जुनी कानस. बुशच्या ज्या बाजूला लोड येत नाही तिथे कानस घासली तर काचेवरून घसरावी तशी घसरली, एक ओरखडा नाही. मग झिजलेल्या बाजूला घासली तर कर्रर्र करून धरली आणि चकचकीत कीस खाली पडला. साल संपली होती आणि आम्ही उघड्या गाभ्यावर मशीन चालवत होतो.

आता साल एवढ्यात कशी संपली? भट्टीवाल्याला सांगितलेली ०.८ मिमी, त्याने दिलीपण तेवढीच. पण पातळ बुश क्वेंच केला की थोडा अंडाकार होतो, ते माहीत असल्यामुळे काकांनी ग्राइंडिंगसाठी आतून प्रत्येक बाजूला अर्धा मिमी जास्त ठेवलेला, आणि ग्राइंडिंगमध्ये तो अर्धा मिमी गेला. राहिली किती? ०.३. आम्ही पैसे देऊन केलेली साल पैसे देऊनच घासून टाकली, आणि सर्टिफिकेट होतं ग्राइंडिंगच्या आधीचं! भट्टीवाला म्हणे "ग्राइंडिंगचं मला काय माहीत", काका म्हणे "डेप्थ मला कोणी सांगितली?" आणि दोघांच्या मध्ये मी उभा. खरं सांगायचं तर चूक माझीच होती, मी दोघांनाही हार्डनेस विचारला, फायनल साइजला साल किती राहणार हे कोणालाच विचारलं नाही.

दुसऱ्या लॉटला साल १.६ मिमी मागितली आणि ग्राइंडिंग प्रत्येक बाजूला ०.२ च्या वर नाही असं काकांना बजावलं, ते कुरकुरले पण भट्टीवाल्याने बुश टोपलीत आडवे न टाकता उभे लावले तर जमेल म्हणाले, आणि जमलं. पैसे मात्र वाढले, किलोला २८ वरून ४६ रुपये. मला आधी वाटलं लुटतोय, साल दुप्पट तर भाव फार तर थोडा वर. पण कार्बन जसा आत जातो तसा त्याचा वेग पडत जातो, साल दुप्पट हवी तर वेळ चौपट लागतो, ०.८ ला चार तास धरले तर १.६ ला सोळा. भट्टी तेवढा वेळ अडकते, मग ४६ पण बरा वाटतो. म्हणूनच कोणी स्वस्तात "डीप केस" देतोय म्हणाला तर त्याला भट्टीत किती तास ठेवलं ते विचारा, तिथेच कळतं.

मी आगाऊपणे म्हटलं, मग अडीच मिमी करू ना, काय ते एकदाच. भट्टीवाला हसला. "शेठ, भिंत साडेसातची, कार्बन आतून पण जाणार आणि बाहेरून पण, पाच मिमी नुसती काच झाली तर मध्ये उरलं काय? पहिल्या दणक्याला तडकेल." पटलं. यावेळी त्याच्याकडून त्याच मटेरियलचा एक छोटा तुकडा आमच्या लॉटबरोबर भट्टीत टाकून घेतला आणि नंतर व्हाइसमध्ये पकडून हातोड्याने तोडला. कडेला कपबशीच्या फुटलेल्या कडेसारखी बारीक करडी रिंग आणि आतला भाग खरबरीत, तंतू तंतू. ती रिंग व्हर्नियरला दीड मिमीच्या वर भरली तेव्हा कुठे पैसे दिले. हे प्रत्येकाने करावं, फुकट आहे.

बसवतानाची एक गोष्ट. पहिल्या लॉटच्या वेळी पोरांनी बुश घणाने ठोकून बसवले होते आणि वर वेल्डरने टॅक पण मारलेला "हलू नये म्हणून". १८० डिग्रीला टेम्पर केलेल्या मालावर वेल्डिंगची उष्णता म्हणजे तेवढ्या जागेपुरतं हार्डनिंग गेलंच. यावेळी थर्माकोलच्या खोक्यात सुका बर्फ, उणे ७८ डिग्री, बुश साधारण ०.१ मिमी आकसतो आणि हाताने आत सरकतो. जाडे हातमोजे घाला फक्त.

पिनचं वेगळं आहे. ईएन १९ मध्ये कार्बन मुळातच ०.४ टक्के, बाहेरून भरायची गरज नाही, विजेच्या कॉइलमधून पिन सरकवत नेतात, वरचा भाग लाल होतो आणि मागून लगेच पाण्याचा फवारा, अख्ख्या पिनला काही मिनिटं. थर साडेतीन-चार मिमी, ५५ एचआरसी. इथे एक पिन वाया गेली. ग्रीसच्या भोकाची कड धारदार सोडलेली, कॉइलखाली अशी कड बाकीच्यापेक्षा जास्त तापते, आणि तिथूनच केसासारखी चीर. नुसत्या डोळ्याला दिसतही नव्हती, काकांनी लाल डाय मारून पुसून पांढरी पावडर फवारली तर भोकापासून दोन सेंटीमीटर लाल रेघ उमटली. नशीब बसवायच्या आधी दिसली. आता भोकाची कड गोल करूनच पिन पाठवतो.

तर अनुभव. नोव्हेंबरमध्ये बसवले, मुलुंडला बेसमेंटचं काम, पूर्ण काळा दगड, ब्रेकरने फोडायचा आणि बकेटने भरायचा, रोज आठ-नऊ तास. एप्रिलपर्यंत १००० तास झाले आणि बुश झिजला ०.२. पिन तर मोजण्यासारखी झिजलीच नाही. मग मशीन नालेसफाईला गेली आणि तिथल्या ३०० तासांत अजून ०.२ गेले! दगडात हजार तासांत जेवढं गेलं तेवढं चिखलात तीनशे तासांतच. कारण सरळ आहे, गाळातलं पाणी ग्रीस धुऊन काढतं आणि त्याच्या जागी बारीक रेती आत शिरते, शिवाय भरतीचं खारं पाणी, आणि हार्ड केलं म्हणून लोखंड गंजायचं थांबत नाही. ऑपरेटर दिवसातून एकदा ग्रीस मारत होता, मी दर चार तासांनी मारायला लावलं, मॉलीवालं (मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं) काळं ग्रीस, कडेने स्वच्छ बाहेर येईपर्यंत. तो वैतागला, पण त्यानंतर आकडा जागेवरच आहे.

खर्च बाजारच्या सेटच्या पावणेदोन पट आला. बाजारचा सेट ५०० तासांचा, हा १३०० ला ०.४ वर आहे आणि मी एक मिमीला बदलतो, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. वैताग एकच, भांडुप-वसई-भांडुप अशा तीन फेऱ्या आणि पंधरा दिवस जातात, मशीन उभी असताना हे सुचलं तर काही उपयोग नाही, सेट आधीच करून ठेवायला लागतो.

दुसऱ्या मशीनचे बुश परवा भट्टीला दिलेत. यावेळी बाहेरच्या अंगाला लेप लावून कार्बन फक्त आतूनच घ्यायला सांगितलंय, बाहेर तसाही घास नसतो. लेपाचे वेगळे पैसे पडतील म्हणाला. देतो म्हटलं, पण तुकडा मीच तोडणार.