बीबीएफ यंत्रानं सोयाबीन: दोन खरिपांचा अनुभव

औसा तालुक्यातलं आमचं रान काळं, भारी. पाऊस लागून राहिला की चिबडतं आणि सोयाबीन पिवळं पडतं. म्हणून 2024 ला चारपैकी दोन एकर बीबीएफ यंत्रानं, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर पेरलं. बाकी दोन एकर नेहमीसारखं सपाट. वाण दोन्हीकडं फुले संगम, खतही सारखंच.

फरक दिसला सप्टेंबरच्या सुरुवातीला. दोन दिवस पाऊस कोसळला, तेव्हा शेंगा भरत होत्या. सपाट रानात चार दिवस पाणी साचलं, खालची पानं गळाली. वरंब्यावरचं पाणी मात्र सरीतून ओढ्याला लागलं. उतारा बीबीएफला एकरी साडेनऊ क्विंटल, सपाटला सात. हमीभाव 4892 असताना मोंढ्यात 4200 नं घालावं लागलं, ते अजून सलतं. तरी त्या भावानंही एकरी दहा हजार जास्त आले.

फसगतही सांगतो. पहिल्या अर्ध्या एकरात फण खोल लागले, बी तीन इंचांवर गेलं आणि उगवलंच नाही. बायकांनी हातानं टोबलं. सोयाबीन 3 ते 4 सेंटिमीटरच्या खाली जाता कामा नये. आता पेरणीच्या पहिल्या ओळीलाच ट्रॅक्टर थांबवून माती उकरून बघतो, मगच पुढं जाऊ देतो. सरीत तण माजतं, तिथं कोळपं नीट चालत नाही, खुरपणीचा खर्च वाढतो. फवारणीला चालायला मात्र छान वाट मिळते.

यंत्रानं बियाणं एकरी 30 किलोऐवजी 22 किलोच लागलं. म्हणूनच उगवण तपासल्याशिवाय पेरू नका. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवा, 70 तरी उगवले पाहिजेत. आमच्या घरच्या बियाण्याचे 78 आले. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार नाजूक, आपटलं की उगवण घटते. आई बियाण्याचं पोतं कुणाला आपटू देत नाही, त्याचंच हे फळ. बुरशीनाशक आधी चोळायचं, रायझोबियम, म्हणजे नत्र देणारं जिवाणू खत, अगदी शेवटी.

2025 ला चारही एकर बीबीएफवर केलं. अतिवृष्टीत ओढाच फुगला, सऱ्यांतलं पाणी जाणार कुठं? ओढ्याकडचा अर्धा एकर गेला, वरचं पीक वाचलं. यंदा पेरणीआधी बांधाकडचा चर खोल करून घेतोय.