आळशी डोळा? नागपूरच्या धरमपेठेतलं हे क्लिनिक बघा

चष्मा लावूनही लेकीला डाव्या डोळ्याने धूसरच दिसायचं. इथल्या डॉक्टरांनी डावा डोळा कामाला लागावा म्हणून चांगल्या उजव्या डोळ्यावर पट्टी, हे आधी तिलाच समजावलं. मग मला म्हणाले, उशीर नको ताई. वय वाढतं तशी मेंदूच्या दृष्टिकेंद्रात चेतापेशींभोवतीची जाळी घट्ट होते, नव्या जोडण्या अवघड जातात. २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रौढ उंदरांच्या मेंदूत कॉन्ड्रॉइटिनेज हे एन्झाइम टोचून ती जाळी विरघळवली, तर तिथली नव्या जोडण्या करायची लवचिकता परतली! माणसांसाठी असं औषध अजून नाही, म्हणून पट्टीच. इतकं मनापासून कोण सांगतं हो? पट्टी लावून मणी ओवायला देतात, पोरगी रमते. शनिवारी गर्दी फार, सकाळीच जा.