आजीला ऐकू कमी येतं : साधा कॉल की व्हिडिओ कॉल?

भुसावळ स्टेशनवरून चोपड्याला आजीशी बोलायचं, तर मी व्हिडिओ कॉलच लावा म्हणेन. कारण मेंदूत आहे.

बोलण्यातली अक्षरं साधारण सेकंदाला 4 ते 8 या वेगानं येतात. मेंदूच्या ऐकण्याच्या भागातली थीटा लय, म्हणजे तिथल्या विजेच्या लहरींची एक लय, हीही याच वेगाची; ती बोलण्याशी ताल जुळवते. ओठ बऱ्याचदा आवाजाच्या आधी हलतात. अहिराणीतलं 'बठ्ठा' म्हणायच्या आधी ते मिटतात ना, तेवढ्या इशाऱ्यावर लय सावरते आणि आवाज पोहोचेपर्यंत मेंदू तयार असतो. गोंगाटात हा आधार फार मोलाचा.

साध्या कॉलमध्ये तो नाही. घर शांत असेल आणि ऐकू नीट येत असेल, तर आवाज पुरतो.

व्हिडिओची खोट एकच, पण मोठी: रेंज नसली की चित्र मागे पडतं, आणि न जुळणारे ओठ ऐकणंच बदलतात. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1976 मध्ये 'बा'चा आवाज आणि 'गा' म्हणणारे ओठ एकत्र दाखवले. बऱ्याच जणांना 'दा' ऐकू आलं! म्हणून चित्र अडखळलं की सरळ साध्या कॉलवर या. चित्र नीट असेल, तर उजेडाकडे तोंड करा आणि उन्हासाठी बांधलेला रुमाल तोंडावरून खाली घ्या.