खोक्यावरचा आकडा की स्वीडनची यादी?

नौपाड्यात कुणी माळा आवरताना जुना बुद्धिबळ संगणक विकायला काढला, की आधी खोक्यावरचं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, दाखवतो. फिडेलिटी कंपनीच्या मॅक ३ या संगणकाचं २२६५. प्रोसेसर मोटोरोलाचा ६८०००, वेग १६ मेगाहर्ट्‌झ. थाप नाही ही. अमेरिकन बुद्धिबळ महासंघाच्या चाचणीत, माणसांशी खेळून मिळवलेलं आहे. पण अमेरिकेचं माप फिडेपेक्षा (जागतिक बुद्धिबळ महासंघापेक्षा) सैल, डाव मोजके आणि समोरचे बरेचसे यंत्राला नवखे. खोडी कळल्या की तोच खेळाडू पुढच्या वेळी डाव बंदिस्त ठेवतो आणि यंत्राला सावकाश आवळतो. खोक्यावरचं रेटिंग मात्र तिथंच राहतं!

स्वीडनच्या एसएसडीएफ या बुद्धिबळ संगणक संघटनेच्या रेटिंग यादीत हेच मशीन बरंच खाली आहे. तिथं यंत्रं एकमेकांशी भिडतात, ४० खेळ्यांना २ तास. दोन मशीनमधलं सरस कुठलं, हे यादीवरून जास्त भरवशानं कळतं. माणसाशी तुलना करायला मात्र तीही कच्ची. २००० साली तर यादीतल्या सगळ्यांचे १०० गुण सरसकट उतरवले, म्हणून १९९० च्या आसपासची कात्रणं दाखवून भांडू नये.

भाव ठरवताना मी यादीच धरीन. खोक्याचे पैसे संग्राहकाने द्यावेत, खेळणाऱ्याने नाही. आणि पाच सेकंदांच्या लेव्हलवर जिंकून ‘यादीपण खोटी’ म्हणणाऱ्यांनी आधी मशीनला खेळीमागे तीन मिनिटं द्यावीत.