ब्रेस्ट इम्प्लांट काढायची आहेत? मुंबई-पुण्यात कमी खर्चात कुठे, आणि कशात काटकसर नको

एकाच आठवड्यात दोन एस्टिमेट हातात येतात: एकावर ७० हजार, दुसऱ्यावर अडीच लाख. दोन्हींवर लिहिलेलं असतं ‘इम्प्लांट रिमूव्हल’. यात कोणी लुबाडतंयच असं नाही, बहुतेक वेळा ती दोन वेगळी ऑपरेशनं असतात. म्हणून स्वस्त जागा शोधण्याआधी आपल्याला कोणतं ऑपरेशन लागणार आहे हे पक्कं करावं. बिलातला सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो, हॉस्पिटल कोणतं हा प्रश्न त्यानंतरचा.

इम्प्लांटभोवती शरीर स्वतःहून एक आवरण तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. ती प्रत्येकीत असते, तो आजार नव्हे. कॅप्सूल पातळ आणि मऊ असेल तर स्तनाखालच्या घडीत, शक्यतो जुन्या व्रणातूनच, ४-५ सेंटीमीटरचा छेद घेऊन नुसतं इम्प्लांट काढतात आणि कॅप्सूल आत राहू देतात. साधारण तासाभराचं काम, आणि पुष्कळदा त्याच दिवशी घरी जाता येतं. कॅप्सूल जाड होऊन आवळली असेल (डॉक्टर त्याला बेकर ग्रेड ३ किंवा ४ म्हणतात), तिच्यात कॅल्शियम साचलं असेल किंवा इम्प्लांट फुटून जेल पसरलं असेल, तर कॅप्सूलही थोडी किंवा पूर्ण काढावी लागते. मग वेळ दोन-तीन तासांवर जातो, ड्रेन (आत साचणारं पाणी बाहेर नेणारी नळी) लागतो, एक रात्र मुक्काम होतो, आणि भुलीपासून बेडपर्यंत सगळ्याचे पैसे वाढतात.

तिसरा प्रकार ‘एन ब्लॉक’. इम्प्लांट न उघडता कॅप्सूलसकट एकसंध बाहेर काढायचं. इंटरनेटवर याचा एवढा गाजावाजा झालाय की अनेकजणी पहिल्याच भेटीत तेच मागतात. याची खरी गरज एकाच ठिकाणी आहे: कॅप्सूलमध्ये कॅन्सर सापडला असेल किंवा त्याची दाट शंका असेल तेव्हा. थकवा, सांधेदुखी, डोकं जड राहणं अशा तक्रारींसाठी इम्प्लांट काढणाऱ्या बायकांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. कॅप्सूल किती आणि कशी काढली, याने तक्रारी कमी होण्यात फरक पडलेला त्यात दिसला नाही. उलट धोका मात्र वाढतो. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर कॅप्सूलची मागची भिंत बरगड्यांना घट्ट चिकटलेली असते. ती सोडवताना फुप्फुसावरच्या आवरणाला भोक पडून छातीत हवा शिरू शकते. ‘मागची भिंत मी तशीच ठेवीन’ असं म्हणणारा सर्जन कामचुकारपणा करत नसतो. खर्च दुपटीवर नेणारं हे ऑपरेशन सर्वांना सरसकट सुचवणाऱ्या क्लिनिकमधून उठून यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

इम्प्लांटला दहा वर्षं झाली म्हणून ती काढलीच पाहिजेत असंही नाही. ती आयुष्यभर टिकणारी नसतात हे खरं, पण एक्स्पायरी डेट उलटावी तशी खराबही होत नाहीत. अमेरिकेची एफडीए सिलिकॉन इम्प्लांटसाठी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी सुचवते. आधी सोनोग्राफी करावी. त्यात शंका आली तरच एमआरआय, आणि इम्प्लांट फुटलंय का एवढंच बघायचं असेल तर तो कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे शिरेतून औषध न टोचता, होतो. कॉन्ट्रास्टचे पैसे त्यात उगाच जातात.

जुनं इम्प्लांट कार्ड शोधून ठेवा. नसेल तर पहिल्या हॉस्पिटलकडून ऑपरेशन नोट्स मागवा, त्यात कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबरचा स्टिकर असतो. ॲलर्गन कंपनीची बायोसेल नावाची खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत मागवली गेली, कारण बीआयए-एएलसीएल या इम्प्लांटभोवती होणाऱ्या दुर्मीळ कॅन्सरशी (लिम्फोमाशी) त्यांचा संबंध सर्वांत जास्त आढळला. तेव्हाही काही त्रास नसलेल्यांनी ती काढून टाकावीत असा सल्ला एफडीएने दिला नव्हता. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीची गोष्ट निराळी. तिने औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरलं, २०१० मध्ये ती बंद पडली. कार्डावर ते नाव असेल तर तपासणी लांबवू नये.

बसवून बरीच वर्षं झाल्यावर एक बाजू अचानक सुजली, तर ते याच लिम्फोमाचं लक्षण असू शकतं, तेव्हा स्वस्ताईचा विचार बाजूला ठेवा. आधी सोनोग्राफीखाली सुईने आतलं पाणी काढून, शक्यतो ५० मिलीपर्यंत, सीडी३० चाचणीसह (ती या लिम्फोमाच्या पेशी ओळखते) पॅथॉलॉजीला पाठवायचं. तो रिपोर्ट येण्याआधी इम्प्लांट काढून टाकणं चूक, कारण कॅन्सर निघालाच तर दुसऱ्यांदा आणि अधिक अवघड ऑपरेशन करावं लागतं. अशा रुग्णाने कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये न जाता परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर हॉस्पिटलचा रस्ता धरावा.

आता जागा. सगळ्यात स्वस्त म्हणजे सरकारी आणि पालिकेची मेडिकल कॉलेजं: मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. सगळीकडे प्लास्टिक सर्जरी विभाग आहे. ओपीडीचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून जावं आणि केसपेपर काढावा. फुटलेलं इम्प्लांट, जंतुसंसर्ग, दुखणारी आवळलेली कॅप्सूल किंवा कॅन्सरनंतर बसवलेलं इम्प्लांट असेल तर इथे जायला अजिबात कचरू नये. हात तयार असतात, वरिष्ठांची देखरेख असते, भूलतज्ज्ञ चोवीस तास असतो. अडचण तारखेची. भाजलेले, अपघाताचे, कॅन्सरचे रुग्ण आधी घेतले जातात, आणि ते योग्यच आहे. नुसतं ‘आता नको वाटतं’ म्हणून काढायचं असेल तर ताटकळावं लागेल. वॉर्डात फारसा आडोसा नसतो आणि तपासायला शिकाऊ डॉक्टरही येतात, याची तयारी ठेवावी.

धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांकडे फार कमी जणींचं लक्ष जातं. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए खाली त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरची चिठ्ठी घेऊन तिथल्या समाजसेवकाला म्हणजे एमएसडब्ल्यूला भेटायचं. उत्पन्नाची मर्यादा बदलत असते, चालू आकडा तिथेच विचारावा. ऑपरेशन कॉस्मेटिक मानलं गेलं तर नकार मिळतो. तेव्हा वैद्यकीय कारण खरोखर असेल तर ते केसपेपरवर नेमक्या शब्दांत हवं: ‘बेकर ४, वेदना’ किंवा ‘एमआरआयमध्ये फुटल्याचं निदान’.

योजनेत न बसणाऱ्यांनाही ट्रस्ट हॉस्पिटल परवडू शकतं, आणि त्याचं कारण खोलीच्या वर्गात आहे. आपल्याकडे बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत सर्जन, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि भूल यांचे दर खोलीनुसार चढतात. तोच सर्जन, तेच टेबल, पण जनरल वॉर्डाचं बिल वेगळं आणि सिंगल रूमचं वेगळं. एका रात्रीच्या मुक्कामासाठी सिंगल रूम घेणं म्हणजे खोलीच्या भाड्याबरोबर अख्खं ऑपरेशन महाग करून घेणं. एस्टिमेट मागताना नेहमी ‘जनरल वॉर्डाचं द्या’ म्हणावं.

गुंतागुंत नसलेल्या, तब्येतीने ठणठणीत बाईसाठी आमची पहिली पसंती मात्र प्लास्टिक सर्जनच्या छोट्या नर्सिंग होमला. खाजगीत साध्या काढण्याचे आकडे मुंबई-पुण्यात साधारण ६० हजार ते दीड लाख सांगितले जातात, आणि खालचा आकडा बहुधा अशाच जागी मिळतो. नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथे आणखी उतरतो, पण ड्रेन काढायला आणि टाके बघायला पुन्हा जावं लागतं हे धरून हिशेब करा. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी/डीआरएनबी ही पदवी हवी, ‘कॉस्मेटॉलॉजी’चं सर्टिफिकेट चालत नाही. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत स्वतः तपासावी.

कॉर्पोरेट हॉस्पिटल हृदयविकार, दमा असलेल्यांना किंवा जेल काखेतल्या गाठींपर्यंत गेलं असेल त्यांना ठीक. बाकीच्यांनी तिथल्या लॉबीचे पैसे भरू नयेत.

आकर्षक पॅकेज आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ देणाऱ्या कॉस्मेटिक क्लिनिकबद्दल सावध राहा. व्याज कोणीतरी भरतंच, ते बहुधा पॅकेजच्या किमतीत आधीच मिसळलेलं असतं. म्हणून ‘एकरकमी दिले तर किती?’ हा प्रश्न आधी विचारायचा. पॅकेजमधून हमखास सुटणाऱ्या गोष्टी अशा: ऑपरेशनपूर्व रक्ततपासण्या आणि ईसीजी, भूलतज्ज्ञाची फी, सर्जिकल ब्रा, हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या भागाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), दुसरी रात्र राहावं लागलं तर तिचे पैसे. आणि जीएसटी. आरोग्यसेवेवर कर नसला तरी कॉस्मेटिक सर्जरीवर १८ टक्के लागतो. जन्मजात दोष, इजा, अपघात अशा कारणाने केलेली पुनर्रचना तेवढी यातून वगळलेली आहे. १ लाखाचं एस्टिमेट बिलात १ लाख १८ हजार होतं, तेव्हा आकडा करासहित की कराविना हे लिहून घ्यावं.

मेडिक्लेमचा नाद आधीच सोडू नका. पॉलिसीतलं ‘एक्सक्लूजन ०८’ कॉस्मेटिक सर्जरी वगळतं, पण अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची पुनर्रचना आणि आरोग्याला थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक उपचार यांना त्यात अपवाद आहे, डॉक्टरने तसं प्रमाणित केलं तर. मूळ इम्प्लांट हौसेने बसवलेलं असेल तर कंपनी खळखळ करतेच. म्हणून सोनोग्राफी किंवा एमआरआय रिपोर्ट आणि सर्जनचं पत्र जोडून आधी लेखी मंजुरी मागावी, ऑपरेशननंतर भांडत बसू नये.

इम्प्लांट काढल्यावर त्वचा सैल पडते. त्याच बैठकीत ब्रेस्ट लिफ्ट करून घ्या असा आग्रह होतो आणि बिल फुगतं. तीन ते सहा महिने थांबल्यास त्वचा बरीच आक्रसते आणि पुष्कळदा लिफ्टची गरजच वाटत नाही, किंवा छोट्या लिफ्टवर भागतं. खूप मोठी इम्प्लांट किंवा आधीपासूनची ओघळ असेल तर दोन्ही एकदम करणं स्वस्त पडतं, कारण भूल आणि ओटी एकदाच लागते.

पैसे वाचवू नयेत अशा जागा मोजक्या आहेत. एक, स्वतंत्र भूलतज्ज्ञ, अगदी लोकल आणि झोपेच्या इंजेक्शनवर करायचं असलं तरी. दोन, काढलेली कॅप्सूल आणि आतलं पाणी हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवणं. काही हजारांच्या या तपासणीत पुढची शंका मिटते. काढलेलं इम्प्लांट आपल्याला मिळेल का हेही ऑपरेशनआधी विचारावं. बायोमेडिकल कचरा म्हणून काही ठिकाणी देत नाहीत, तर निदान सीरियल नंबर दिसेल असा फोटो आणि डिस्चार्ज समरीत नोंद मागावी.

ड्रेन लावलेला असेल तर घरी आल्यावर चोवीस तासांत किती मिली पाणी आलं हे ड्रेनच्या बाटलीवर रोज ठरलेल्या वेळी बघून लिहायचं. ते २०-३० मिलीच्या खाली आलं की ड्रेन काढतात. त्याआधी घाईने काढला तर आत पाणी साचतं आणि पुन्हा सुईने उपसावं लागतं. सर्जिकल ब्रा चार ते सहा आठवडे, भरलेली बादली किंवा मूल उचलणं तेवढेच दिवस बंद. बैठ्या कामावर आठवड्याभरात जाता येतं. पहिल्या दोन दिवसांत एक बाजू झपाट्याने सुजली, टणक आणि निळी पडली तर आत रक्त साचतंय. तसं झालं तर सकाळची वाट बघायची नाही. म्हणून नर्सिंग होम ठरवतानाच विचारून घ्यावं: रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं, ओटी उघडायला किती वेळ लागतो, आणि तसं उघडावं लागलं तर त्याचे पैसे कोणाचे.